करवतकाठी हेलिकॉप्टर

मेधाचा फोन आला तेव्हा मी बॉथेलच्या इंडियन ग्रोसरीत मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. "अगं, शेखर बसमध्ये..." एवढंच ती बोलली आणि पुढचं कुणीतरी दुसऱ्यानंच इंग्रजीतून सांगितलं. सकाळी तिचा नवरा नेहमीसारखा रेडमंडला ऑफिसला जायला निघाला, खिडकीपाशी बसला. शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले, हा उतरला नाही. ड्रायव्हरला वाटलं, डोळा लागला असेल... मेथी तिथेच टाकून मी निघाले. पाऊस होता, इथे हिवाळ्यात तो असतोच, आणि वायपर सुरू करायचं मला अर्ध्या रस्त्यात सुचलं. त्याला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, हळूहळू सवय होते. मला काही झालेली नाही, आणि व्हावी असं वाटतही नाही.

शेखर आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायचा. मूळचा पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीतला. मी नागपूरची. गणपतीच्या पॉटलकला, जो तो आपला एकेक पदार्थ घेऊन येतो तिथे, त्यानं माझ्या पाटवडीच्या रश्श्याला "जरा जास्तच झणझणीत झालाय" म्हटलं, मी म्हटलं, "सातारकरांना झेपत नसेल तर तिकडे वरणभात आहे." तिथून आमचं जमलं. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी कधी मावली नाही, कारण तिथे हेलिकॉप्टरं होती. प्लास्टिकच्या किटची, हातभर लांबीची, एकेक सुटा भाग घासून, जोडून, रंगवून केलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सरळ विचारलं, "काय बाप्पा, एवढा मोठा माणूस खेळण्यांशी खेळतो?" तो म्हणाला, "खेळणी नाहीत, सर्व्हिस आहे. कोयनाकाठ हवाई सेवा. तिकीट काढायचं असेल तर रांगेत उभी राहा."

अशी कुठलीही सेवा जगात नव्हती. ती त्याच्या डोक्यात होती आणि गॅरेजमधल्या फळीवर होती. किट बहुधा लष्करी यायची, खोक्यावर तोफा नि रॉकेटं घेतलेल्या हेलिकॉप्टरचं चित्र. हा खोकं उघडायचा आणि आधी सगळी हत्यारं वेगळी काढून फराळाच्या एका रिकाम्या डब्यात टाकायचा. दसऱ्याला मेधा त्या डब्यावर झेंडूचं फूल ठेवायची, शस्त्रपूजा म्हणून. हत्यारांच्या जागी हा खिडक्या कापायचा, आत बाकडी बसवायचा. शेपटीवर सेवेचं नाव मराठीत, चार केसांच्या ब्रशनं, श्वास रोखून. आणि पुढच्या सीटच्या वर, भिंगातून बघितलं तरच दिसेल असं, एसटीत असतं तसं लिहायचा, 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव'. मी म्हणायचे, "कोण वाचणार आहे ते?" तर म्हणायचा, "जिला बसायचंय ती वाचेल."

ती म्हणजे माई, त्याची आई. वडील गेले तेव्हा शेखर इथून मिळेल त्या विमानानं निघाला, पण घाटात दरड कोसळली होती. अर्धं जग ओलांडून आलेला माणूस घरापासून हाकेच्या अंतरावर चिखलात अडकून बसला. पोचला तेव्हा चुलतभावानं अग्नी देऊन झाला होता. माई रागावली नाही. नुसतं म्हणाली, "वरनं आला असतास तर पोचला असतास रं." टोमणा नव्हता तो, तिला खरंच तसं वाटत होतं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, ब्रश धुता धुता, माझ्याकडे न बघता. परत आल्यावर महिनाभरात त्यानं पहिलं किट आणलं.

रंग माईचे असायचे. वडलांच्या मागे तिनं रंगीत लुगडी ट्रंकेत घालून टाकली होती, आणि याला ते सहन होत नव्हतं. म्हणून नवं किट निघालं की रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायचा, "माई, ह्या खेपेला कंचं?" ती ट्रंक उघडून एकेक दाखवायची. आनंदी, चिंतामणी, डाळिंबी... आता हे रंग इथल्या हॉबीच्या दुकानात कुठे मिळणार? तिथे चिखलाचा हिरवा आणि धुळीचा पिवळा. हा बसायचा थेंब थेंब मिसळत. एकदा तिनं अंजिरी दाखवलं, तिच्या ट्यूबलाइटखाली याला ते भलतंच दिसलं, आणि यानं अख्खं हेलिकॉप्टर रंगवून अभिमानानं पुढे धरलं. माई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही वांग्याची भाजी कुणाची?" तेव्हापासून नियमच झाला, आमच्यापैकी जो भारतात जाईल त्यानं माईकडून ब्लाउजपीसची चिंधी आणायची. त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर टाचणीनं लावलेल्या त्या चिंध्या अजून आहेत.

रविवारचा तो कॉल मी सहसा चुकवत नसे. आमची सकाळ, चहा, गॅरेजमधला रंगाचा वास आणि तिकडे माईची रात्रीची जेवणं उरकलेली. बोलणं संपलं की शेखर हेलिकॉप्टर फोनसमोर धरायचा आणि वरच्या पंख्यावर हळूच फुंकर मारायचा. पंखा तो कधी चिकटवायचा नाही, फिरता ठेवायचा. पंखा फिरला की माई म्हणायची, "निघाला वाटतं," आणि फोन ठेवायची. दर रविवारी हेच. मी चिडवायचे, "निघतो रोज, पोचत कधीच नाही." तो हसायचा. त्याचं जाणं दोनदा ठरलं आणि दोन्हीदा कॅन्सल झालं, एकदा व्हिसाच्या भानगडीत आणि एकदा ऑफिसच्या सॉफ्टवेअर रिलीजपायी. फोटो जायचे, हेलिकॉप्टर इथेच. "पण या वेळचं मी माईच्या हातात देणार," असं तो या हिवाळ्यात म्हणत होता. तिकिटं काढली होती.

आणि या वेळचं माझ्या साडीचं होतं. मागे मी माईच्या वाडीत जाऊन आले तेव्हा तिला नागपूरची करवतकाठी नेली होती, टसरची, लाल काठाला करवतीसारखे दाते असलेली. माई म्हणाली, "आता ही कुठं नेसू, बाई?" आणि हात फिरवून ट्रंकेत ठेवली. नेसली नाही ती नाहीच. पण शेखरनं विचारल्यावर म्हणाली, "ह्या खेपेला नागपूरची." तो गेला तेव्हा अंग मधासारखं टसर रंगून झालं होतं, शेपटीवर नाव आलं होतं, आणि लाल दात्यांचा काठ एका बाजूनं पुरा झाला होता. दुसरी बाजू कोरी.

कुणी हात लावला नसता त्याला. पण माई मेधाला फोनवर म्हणाली, "मला त्याचं तोंड बघायला मिळालं न्हाई. ते विमान तरी पुरं करून दावा." ऐंशी ओलांडलेली बाई, ती इकडे कशी येणार होती... मेधा माझ्याकडे आली. म्हणाली, "साडी तुझी आहे, काठ तूच कर." मी आयुष्यात रांगोळीची रेघ सरळ काढलेली नाही. तरी बसले. सरळ रेघेला रंगाआधी चिकटवायची त्याची टेप होती, पण दात्यांना टेप चालत नाही, ते हातानंच. त्याचा ब्रश, त्याचं भिंग, आणि भिंगात सारखं पाणी. किती वेळा पुसलं नि किती वेळा काढलं. शेजारी त्याची बाजू होती, एकेक दाता जागच्या जागी. ती बघून मला त्याचा रागच यायचा, की बाबा, एवढं नीट करायचं आणि असं अर्ध्यात टाकायचं?

गेल्या रविवारी आम्ही माईला कॉल लावला. मेधानं शेखरची बाजू समोर धरली. माई डोळे बारीक करून बघत होती. "आता पल्याडची दाव." मेधानं माझ्याकडे बघितलं आणि हेलिकॉप्टर वळवलं.

"ही बाजू त्यानं न्हाई केली."

"नाही माई, मी केली," मी म्हटलं.

"कळतंय. दात किडल्यात ह्या बाजूचं." आणि ती हसली. मग आम्ही तिघी हसलो, आणि हसता हसता जे व्हायचं तेच झालं. शेखरची मला फार आठवण येते. माझी खोडी काढायला आता कुणी नाही.

बोलायचं संपलं, पण माई फोन ठेवेना. आम्हाला वाटलं, रेंज गेली. स्क्रीनवर तिचा चेहरा तसाच, हेलिकॉप्टरवर नजर. मग मेधाच्या लक्षात आलं. ती खाली वाकली, पण ओठांचा चंबू काही केल्या होईना तिच्या. मी म्हटलं, आण इकडे, आणि फुंकर मारली. पंखा अडखळला, मग फिरला.

"निघाला वाटतं," माई म्हणाली. मग म्हणाली, "सावकाश ये म्हणावं. आता उशीर झाला तरी चालतंय."

पंखा पुरता थांबेपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.