साहेबांचं पोट

जन्मदात्यांना सोडलं तर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते बीडच्या आमच्या घरमालकांचे; आणि बालाघाटाच्या डोंगरापासून गोदावरीच्या काठापर्यंत त्यांच्याइतका हट्टी माणूस दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची, आणि कॉलेजसाठी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारा मीही म्हणायचो. आबा कोर्टात बेलीफ होते. समन्स घेऊन लोकांच्या दारात जायचं आणि ते त्यांच्या हातात द्यायचं, हे त्यांचं काम. बेलीफ दिसला की माणसं कडब्याच्या गंजीत लपतात, बायकोकरवी "गावाला गेलेत" म्हणून सांगतात. इतर बेलीफ परत फिरत. आबा ओट्यावर बसून स्वतःची भाकरी सोडत, त्या घरातलंच पाणी मागून घेत आणि घरधनी तंबाखू खायला बाहेर येईपर्यंत तिथंच डुलक्या काढत. निवृत्त झाल्यावर समन्स संपले, सवय संपली नाही. घरातसुद्धा त्यांना काही सांगायचं असलं की ते कागदावर लिहीत आणि खळ लावून दारावर चिकटवत. "पाणी आलेले आहे. मोटार चालू करणे." "परीक्षा जवळ आलेली आहे. पहाटे उठणे." ही दुसरी नोटीस माझ्या दारावर असायची. मी ती फाडली की दुपारी नवी लागायची, खाली "पुनश्च" लिहून.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी माझे दोन विषय राहिले तेव्हा मी गुपचूप बोचकं बांधून धारूरकडच्या आमच्या गावी निघून गेलो. आठवडाही झाला नसेल, आबा एसटीने फाट्यावर उतरले, तिथून चालत आमच्या शेतात आले आणि खुरपत असलेल्या माझ्या वडिलांना म्हणाले, "पोराला न्यायला आलोय. तो निघाला की मी बी निघतो, घाई न्हाई." आणि बांधावरच्या बाभळीखाली बसले. आईने चहा दिला, तो घेतला. जेवण दिलं, जेवले. ऊन कलायला लागलं तरी उठेनात. शेवटी मीच पिशवी घेऊन समोर उभा राहिलो. सबंध प्रवासात अभ्यासाचा एक शब्दही त्यांनी काढला नाही. बीडच्या स्टँडवर उतरल्यावर फक्त म्हणाले, "तुझ्या आईच्या भाकरीला लई चव हाय."

अशा माणसाच्या घरी मी शेवटच्या वर्षाला असताना एक ससा आला. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या शाळकरी नातीने हट्टाने घेतला होता. तिच्या इमारतीतल्या लोकांनी कुरकुर केली तेव्हा तिने तो आजोबांकडे आणून सोडला. "आबा, मी सुट्टीत येईपर्यंत नीट सांभाळायचा," असं बजावून गेली. पांढराशुभ्र, तांबड्या डोळ्यांचा, कायम नाक उडवत नापसंती दाखवणारा. आबांनी त्याचं नाव साहेब ठेवलं. "जिंदगीभर मी साहेबाच्या मागं फिरलो," ते म्हणायचे, "आता साहेब माझ्या मागं फिरतो." त्यामुळे आमच्या घरात "साहेब कपाटाखाली जाऊन बसलेत", "साहेबांनी चपलेचा अंगठा खाल्ला" अशी वाक्यं सर्रास ऐकू येऊ लागली. "साहेब आलेत" अशी खालून हाक आली की मला आधी विचारून घ्यावं लागे, कोणते साहेब म्हणून.

साहेबांच्या लेंड्यांवरून पहिला संघर्ष झाला तो जागेचा. आबांचं म्हणणं, साहेबांनी अंगणात जावं. साहेबांनी माईंच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, शिलाई मशीनखालचा कोपरा पसंत केला. आबा त्यांना उचलून अंगणात ठेवत, साहेब उड्या मारत कोपऱ्यात परत. हट्टाला हट्ट भेटला होता. माई पायमशीन चालवता चालवता म्हणाल्या, "तुमच्याहून चिवट कुणीतरी भेटलं एकदाचं. मी नवस बोलले होते." अखेर आबांनी त्याच कोपऱ्यात एक जुनं घमेलं ठेवलं, त्यात बारीक चिरलेला कडबा पसरला, एका बाजूला खायचा चारा ठेवला आणि साहेब खात खात तिथंच बसू लागले. मग दुसरा उद्योग सुरू झाला. रोज सकाळी आबा चष्मा लावून घमेल्याचा पंचनामा करत आणि पंच म्हणून मला हाक मारत. "बघ बे, गोल हाय का? कोरडी हाय का?" मी दात घासत मान डोलवायचो. एकदा साहेब स्वतःची मऊ लेंडी खाताना दिसले, तेव्हा माईंनी पदर नाकाला लावला तो दिवसभर खाली घेतला नाही.

पण खरी गोष्ट घडली ती लाडापायी. आमच्याकडे घरात आलेल्या जीवाला हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. शेजारणी साहेबांना बघायला येत आणि येताना बिस्कीट, गूळ, भाकरीचा पापुद्रा घेऊन येत. "माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं कसं बघायचं?" असं एकीने विचारलंसुद्धा. साहेब सगळं खात. चारा मात्र तसाच राहू लागला आणि एक दिवस पोट बिघडलं. लेंड्या पातळ, अंग चिकट. आबांनी पंचनामा केला आणि निकाल दिला, "लंघन."

पोट बिघडलं की लंघन, हा आबांच्या घरचा कायदा होता. ताप, जुलाब, अपचन, काहीही असो. एक दिवस पोटाला सुट्टी. मी स्वतः त्या कायद्याखाली अनेकदा उपाशी झोपलो आहे आणि दुसऱ्या दिवशी बराही झालो आहे. योगायोगाने त्या दिवशी एकादशी होती. आबांनी घमेल्यातला चारा काढून घेतला आणि मशीनवर नोटीस चिकटवली : "साहेबांचे लंघन चालू आहे. कोणी काही देऊ नये." माईंचा जीव राहीना. दुपारी त्यांनी साहेबांपुढे चार शेंगदाणे आणि चमचाभर साबुदाणा ठेवला. मी बघतच राहिलो तर म्हणाल्या, "कावून बघतोस? उपासाला चालतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी घमेलं स्वच्छ होतं. एकही लेंडी नाही. आबांना आधी समाधान वाटलं. मग साहेब पाठ उंच करून, डोळे अर्धे मिटून बसलेले दिसले. कोथिंबीर पुढे धरली तर त्यांनी तोंड फिरवलं. आबांनी टोपी घातली, साहेबांना माईंच्या शालीत गुंडाळलं आणि आम्ही रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं रांगेत दोन म्हशी आणि एक लंगडणारा गोऱ्हा. गोऱ्ह्याचा मालक शालीत डोकावून म्हणाला, "ह्यो कशाला जुपायचा म्हणावा?" एरवी आबांनी त्याला सोडला नसता. त्या दिवशी त्यांना ऐकूच गेलं नाही.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी साहेबांचं पोट हलक्या हाताने चाचपलं, कान लावून ऐकलं. "आत काहीच आवाज न्हाई. आतडं थांबलंय. उपाशी होता का?"

मी आबांकडे पाहिलं. आबा सावधान स्थितीत उभं राहावं तसे उभे होते. "मी ठेवला. लंघन." शेजारणींचा गूळ-बिस्कीट आणि माईंचा साबुदाणा मी सांगितला.

"आबा, माणसाला चालतं ते. ह्याचं आतडं सारखं चालू पाहिजे, सारखा चारा पाहिजे. उपाशी राहिला की थांबतं, आणि थांबलं की चोवीस तासांत जीव बी जातो. आणि गूळ, बिस्कीट, साबुदाणा तर विषच समजा."

त्यांनी दुखणं कमी करणारं आणि आतडं हलवणारं औषध टोचलं, बिनसुईची सिरिंज दिली आणि चारा भिजवून, वाटून, थोडा थोडा भरवायला सांगितलं. "सोडू नका," एवढंच निघताना म्हणाल्या. हे त्या कुणाला सांगत होत्या ते त्यांना माहीत नव्हतं.

घरी आल्या आल्या नातीचा फोन आला. "साहेब जेवला का?" माई खुणेने सांगत होत्या, हो म्हणा, पोर लहान आहे. आबांनी सगळ्या नोकरीत खोटा अहवाल कधी दिला नव्हता. "न्हाई बाळा," ते म्हणाले. "साहेब आजारी हाय. चूक माझी हाय. मी बसलोय त्याच्यापाशी." पलीकडून रडणं ऐकू आलं. आबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मगच फोन ठेवला.

मग ते बसले. मांडीवर शाल, शालीत साहेब, शेजारी वाटी. थोडं भरवायचं, पोटावरून हळू हात फिरवायचा, खाली सोडून चालायला लावायचं, परत उचलायचं. साहेब दात आवळत, फवारा आबांच्या चष्म्यावर उडे. ते चष्मा पुसत आणि पुन्हा सिरिंज भरत. माईंनी जेवायला हाक मारली तर म्हणाले, "ह्याच्याआधी न्हाई." माझी परीक्षा तोंडावर होती. मी घुटमळतोय हे बघून त्यांनी फर्मावलं, "हितंच बस. मोठ्यानं वाच. त्याला बी जाग राहील." म्हणून मी मशीनशेजारी बसून फ्रेंच राज्यक्रांती मोठ्याने वाचली. बुरुज पडला, राजा पळाला. साहेबांचा कान हलला नाही. मधेच आबा स्वतःशीच म्हणाले, "लोकांच्या दारात बसून बसून म्या लोकांचं लई ऐकलं. ह्याचं ऐकायचं राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब मांडीवरून स्वतःहून उतरले, घमेल्यात गेले आणि कडब्याची एक काडी ओढून कुरतडू लागले. थोड्या वेळाने आबा गुडघ्यांवर बसले, चष्मा सारखा केला आणि वाटाण्याहून लहान, वेडीवाकडी, काळी लेंडी चिमटीत धरून त्यांनी माझ्यासमोर धरली. "कोरडी आहे आबा," मी म्हणालो. माईंनी देवाजवळ साखर ठेवली आणि आमच्या हातावर दिली. साहेबांना कुणीही दिली नाही. त्या संध्याकाळी रस्त्याकडच्या दारावर नोटीस लागली : "साहेबांना भेटायला येणाऱ्यांनी फक्त हिरवा पाला आणावा."

साहेब त्यानंतर बरीच वर्षं जगले. नात दर सुट्टीत येऊन त्यांना भेटून जायची, पण न्यायचं नाव तिनेही काढलं नाही. मी पदवीधर झालो, नांदेडकडच्या एका शाळेत लागलो. आबांना आता फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मागच्या आठवड्यात माईंचा फोन आल्यावर मी त्यांना पत्र टाकलं. ते असं :

तीर्थस्वरूप आबांना साष्टांग नमस्कार.

साहेब गेल्याचं माईंनी कळवलं. म्हातारपणाने, तुमच्या मांडीवर, झोपेत गेले म्हणाल्या. तुम्ही कुणाशी बोलत नाही आणि सकाळी उठून मशीनपाशीच बसता, हेही त्यांनी सांगितलं.

मी तुमची समजूत घालणार नाही. मला ते जमणार नाही, आणि तुम्ही ऐकणारही नाही. पण त्या दवाखान्यात डॉक्टर बाईंसमोर तुम्ही "मी ठेवला" म्हणालात, ते मी अजून विसरलो नाही. वर्गात एखादं पोर चूक लपवायला लागलं की मला तुमची उभी मूर्ती दिसते. त्या दिवसानंतर साहेब जेवढे जगले, तेवढं आयुष्य तुम्ही त्यांना बसून बसून दिलं.

शनिवारी पहिल्या गाडीने येतो. नको म्हणालात तरी येतो. कोपऱ्यातला कडबा अजून तसाच आहे म्हणे. तो राहू द्या. एकट्याने झाडू नका. मी आलो की आपण दोघं मिळून झाडू.

तुमचा,
वरच्या खोलीतला