मोहिनीच्या वाटणीचा मध

रात्री गारा पडून गेल्या, अन् सकाळी ऊन असं पडलं की जणू काही झालंच नाही. भागीबाईनं अंगणातला पाल्याचा केर काढला आणि परड्यातल्या मधपेट्यांकडे वळली. पेठच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर तिच्या चार पेट्या. मुंग्या चढू नयेत म्हणून पेट्यांखालच्या लाकडी घोड्यांचे पाय पाण्याच्या करवंट्यांत ठेवलेले.

पहिल्याच पेटीपुढं पांढरी पिल्लं पडलेली. माशा आपलीच पिल्लं ओढून बाहेर टाकत होत्या. तिनं पेटी जराशी उचलली. सुपासारखी हलकी.

"उपाशी हायेत."

दातांना राखुंडी लावत तिचा नवरा सोमा म्हणाला, "मंग? शिमग्याआधी मध काढलास तूच."

"दरसाल काढते. मागनं जांभूळ फुलतं."

ते फुललंही होतं. आता सगळा मोहोर बुडाशी चिखलात पडला होता. शिमग्याआधीचा मध आपला, जांभळाचा माशांचा, ही सासूनं घालून दिलेली रीत. पाऊस आता कधीही येतो हे तिला कळत होतं, तरी हात जुन्या वेळेलाच चालला. पेटीतली ही सातेरी जातीची माशी उपाशी राहिली की थांबत नाही, अख्खं घर उठून डोंगरात जातं.

"साखरेचं पाणी घाल."

"साखर तुझ्या पाव्हण्यांनी पिली. बाजार परवा."

फळीवर मधाची एकच बाटली उरली होती. अंबडला कंपनीत कामाला असलेली लेक रविवारी तीच न्यायला येणार होती. भागीबाईनं बाटली खाली घेतली.

"मोहिनी भांडंल," सोमा म्हणाला.

"भांडू दे. तिला इकत घ्यायला दुकान हाय, यांना नाय."

पण उजेडात मध ठेवला तर वासानं एका पेटीच्या माशा दुसरीवर तुटून पडतात. संध्याकाळपर्यंत थांबणं भाग होतं. दुपारी चौथी पेटी उठलीच. माशांचा काळा ढग जांभळावर घुमला आणि डोंगराकडे सरकला. ती नुसती बघत राहिली.

दिवेलागणीला माशा घरी आल्यावर तिनं मध कोमट पाण्यात कालवला, बुडू नयेत म्हणून त्यात काड्या टाकल्या आणि तिन्ही पेट्यांत एकेक वाटी ठेवली. मग लेकीला फोन लावला.

"आये! लेक मी का माशा?"

"तू ये ना. नागलीची भाकर हाय, कोंबडं हाय."

"आन् मध?"

"त्यांना इचार."

पलीकडे मोहिनी हसली, आणि रविवारी साखर घेऊन येते म्हणाली.

सकाळी पेट्यांपुढं नवं पिल्लू पडलेलं नव्हतं. वाट्या चाटूनपुसून कोरड्या. एक माशी पायांना पिवळा पराग लावून आत शिरली, कुठून आणला कोण जाणे. भागीबाईनं रिकामी पेटी झाडून उन्हात पालथी घातली आणि हंडा घेऊन करवंट्यांत पाणी भरू लागली.