आपले लोक

चहाच्या टपरीवर वाद सुरू झाला की तो गळ्यातला पक्षाचा दुपट्टा काढायचा, घडी करून खिशात कोंबायचा आणि म्हणायचा, "हं, बोला आता. आता मी कोणाचाच नाही."

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. आमच्याकडचा माझा शेतशेजारी होता. चोरखमारा तलावाच्या कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला आम्हा दोघांच्या धानाच्या बांध्या, मध्ये फक्त मातीचा एक धुरा. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून तो निवृत्त झाला होता. स्वतःच्या पक्षाचा उमेदवार दारात आला तरी त्याला उभ्याउभ्याच विचारायचा, "करीन म्हणता भाऊ, पण कसं करान?" उमेदवार घाम पुसत राहायचा. त्याची बायको मला म्हणायची, "भाऊजी, भाजीत मीठ कमी पडलं तरी हे घरात चर्चा ठेवतेत."

उन्हाळी धानाला पाणी टोकापर्यंत पोचतच नव्हतं. वरचेच शेतकरी ते अडवून घ्यायचे. पाणी आधी टोकाला द्यायचं आणि मग एकेक शेत वर सरकायचं, ही कल्पना त्याचीच.

"हे कोणालेही पटंल," तो म्हणाला. "तू मांड. अनुमोदन माझं."

पाणीवाटपासाठी गावात सभा भरली, तिथं मी मांडलं. लगेच त्याच्या पक्षाचा एक कार्यकर्ता उठला. "याचा साळा तिकडच्या पक्षात हाय. हे त्यायचंच राजकारण!" कुजबुज झाली आणि बघता बघता माणसं दोन बाजूंना सरकून बसली. मी माझ्या शेतशेजाऱ्याकडे पाहिलं. दुपट्टा गळ्यातच होता. विरोधातल्यांनी हात वर करा म्हटल्यावर त्यानं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि हात वर केला.

बाहेर मी त्याला गाठलं. "काऊन गा? तुही बांधीही टोकालेच हाय ना!"

"हाय."

"अन् डोकंही तुहंच होतं!"

"होतं."

"मंग?"

तो चपलेत पाय घालत राहिला. खाली पाहतच म्हणाला, "पाणी पुढल्या सालीही येईल गा. आपले लोक गेले तं कुठून आणू?"

मी त्याचा कोण होतो, ते मला तेव्हा कळलं.

धान पोटरीत असतानाच, लोंब्या बाहेर पडायच्या आधीच वाळला, माझाही आणि त्याचाही. त्याच्या बांधीकडे पक्षाचं कोणी फिरकलं नाही. वाळलेला धान गुरांसाठी कापता कापता एकदा तो धुऱ्याजवळ आला. "तुहं बरोबर होतं," म्हणाला. मी थांबलो. "पण त्या दिवशी तुह्या बाजूनं तिकडच्या पक्षाचे कोण कोण बसून राहिले होते, पाह्यलं काय?" तो मनापासून विचारत होता. मी विळा उचलून चालू लागलो. पुढं आमचं बोलणं कामापुरतंच उरलं.

मागच्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. चिता पेटल्यावर घाटावरच शोकसभा झाली. सभेतला तोच कार्यकर्ता बोलायला उभा राहिला. "गुरुजी कधी आपल्या माणसाच्या विरोधात गेले नाहीत," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच भरून आला. सगळ्यांनी माना हलवल्या.

निघताना प्रत्येकानं चितेवर एकेक काडी टाकली. सगळे रस्त्याला लागले, तरी मी माझी काडी हातात धरून तिथंच उभा होतो.