शून्यावर आलेला काटा

भांडगावला सोलापूर रस्त्यालगत हौशीरामचं पंक्चरचं दुकान आहे. वीस वर्षं माझ्या गाडीची हवा तोच बघतो. गिऱ्हाइकाला तो ‘किती भरू’ असं कधी विचारत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडतो, चौकटीवरचं कंपनीचं स्टिकर वाचतो, माणसं किती, सामान किती ते विचारतो आणि मगच नळी लावतो. टायरवर छापलेला आकडा म्हणजे टायर जास्तीत जास्त सोसेल तेवढा, भरायचा नव्हे, हे त्याने निम्म्या तालुक्याला शिकवलं.

या मे महिन्यात, एका सोमवारी सकाळी, त्याच्या हातून हवा मोजायचं गेज सिमेंटवर पडलं. त्याने पुसलं, फुंकर मारली. काटा शून्यावर आला, तेव्हा तो निर्धास्त झाला.

मंगळवारी मी हवा भरून घेतली आणि डायरीत लिहिलं: चारही चाकं, तेहतीस पौंड. गुरुवारी गाडी पुण्याला सर्व्हिसिंगला दिली. तिथे चारही पंचवीस निघाली. एखादं चाक उतरतं. चारही एकसारखी उतरत नाहीत. परतताना मी थेट दुकानात गेले.

हौशीरामने शेजारच्या गॅरेजमधून दुसरं गेज आणलं आणि एकाच चाकाला दोन्ही लावून पाहिली. पडलेलं गेज आठ पौंड जास्त दाखवत होतं. त्याने ते फळीवर ठेवून दिलं.

“बाई, शून्य बरोबर हाय म्हंजी गेज बरोबर, असं धरलं मी.”

त्याची बायको धुरपदा म्हणाली, “डॉक्टरचं थर्मामीटर पडलं तर त्यो दुसरं आणतो. तुम्ही फुंकर मारली.”

कमी हवेचा टायर रस्त्यावर बसतो, त्याच्या बाजू दुमडत राहतात आणि तापतात. भरलेली गाडी, ऊन आणि वेग असला की तो कधी फुटेल सांगता येत नाही. हे मला हौशीरामनेच एकदा समजावलं होतं.

सोमवारपासून हवा भरून गेलेल्या गाड्या त्याने शटरवर खडूने लिहिल्या. एकोणीस झाल्या. अठरा आसपासच्या होत्या: गल्लीतल्या शितलची स्कूटर, केडगाव स्टेशनच्या रिक्षा, शेजारपाजारच्या मोटरसायकली. कुणाला फोन केला, कुणाच्या दारात जाऊन हवा भरून दिली. शुक्रवारी दुपारपर्यंत अठरांवर काट बसली.

एकोणिसावी पांढरी गाडी बुधवारी दुपारी सोलापूरकडे गेली होती. नवरा, बायको, दोन मुलं, म्हातारी आई, वर कॅरिअरला बांधलेल्या बॅगा. धुरपदाने म्हातारीला पाणी दिलं होतं. नंबर दोघांनाही आठवेना. पाच माणसं म्हणून हौशीरामने मुद्दाम तीन पौंड जास्त भरले होते. निदान त्याला तसं वाटलं होतं.

तो मोटरसायकल घेऊन निघाला. पाटस, कुरकुंभ, भिगवण, वाटेतल्या प्रत्येक पंक्चरवाल्याला विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं. भिगवणहून तो मागे फिरला. इंदापूरपर्यंत का गेला नाही, ते त्याने सांगितलं नाही.

रविवारी मी दुकानात असताना सोलापूरकडून कलिंगडाचा टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरने तोंडावर पाणी मारलं आणि बोलायला लागला. बुधवारी इंदापूरच्या पुढं एक पांढरी गाडी, म्हणाला.

हौशीरामने कॉम्प्रेसर चालू केला. टेम्पोला हवा नको होती.

त्या आवाजात मला पुढचं ऐकू आलं नाही. धुरपदा मात्र टेम्पोजवळ सरकली आणि कान देऊन सगळं ऐकून घेतलं. मग पदर पुढे ओढून आत निघून गेली. टेम्पो गेला तरी हौशीरामने कॉम्प्रेसर बंद केला नाही.