बदकछाप घड्याळातली खूण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्यांच्याकडे घड्याळदुरुस्ती शिकलो त्या उस्तादांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि मध्येच उठून गेलात तरी मला कळणार नाही.

आमच्या वेळी नागपुरात बदकछाप घड्याळ म्हणजे काय होतं, हे आता सांगून पटायचं नाही. स्वित्झर्लंडची कंपनी. डायलवर बाराच्या खाली इवलासा राजहंस; पण आमच्या महाल भागातल्या लोकांनी त्याला बदक ठरवलं ते ठरवलंच. उस्ताद म्हणायचे, त्या कंपनीच्या गावातही हे घड्याळ कुणी बांधत नसेल, सगळा माल रंगूनला, एडनला आणि आपल्याकडे. लग्नात जावयाला बदकछाप मिळालं की तो महिनाभर बाह्या दुमडून हिंडायचा.

मग सेलवाली घड्याळं आली आणि कंपनी बुडाली. मुंबईच्या एजंटाचं पत्र आलं — यापुढे सुटे भाग मिळणार नाहीत. उस्तादांनी उरलेल्या अस्सल भागांचा खण कुलूपबंद केला आणि सांगितलं, दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की हा खण तुम्हा दोघांपैकी एकाला देईन.

दोघे म्हणजे मी आणि वासुदेव. मी उमरेडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, माझी बोटं नांगरावर शोभणारी. वासुदेव विणकराच्या घरातला, तुटलेला धागा जोडत मोठा झालेला. बॅलन्स — म्हणजे घड्याळाच्या आत सुईहून बारीक टोकांवर झुलणारं चाक — बसवताना मी श्वास रोखायचो, आणि हा गुणगुणायचा! गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून आत पाहायचं. "वासुदेव नाही का गा?" त्याला ताप आला की मला बरं वाटायचं. एवढं सांगितल्यावर उरलेलं सांगायला कसली लाज?

आहे लाज. म्हणून तर लांबवतो आहे.

आमच्यात एक रीत होती. घड्याळ दुरुस्त केलं की कारागीर मागच्या झाकणाला आतून सुईनं आपली खूण कोरायचा. बांधणाऱ्याला ती दिसत नाही. पुढे जो कारागीर उघडेल त्याला कळावं, हे कोणाच्या हातून गेलं आहे. वासुदेवची खूण तीन रेघा आणि एक टिंब. दुसऱ्याची खूण कोरायची, हे कुणाच्या स्वप्नातही येत नसे.

एका हेडमास्तरांचं बदकछाप उस्तादांनी स्वतः साफ करून चाल पाहायला टांगलं होतं. त्यांचा हात तेव्हा थरथरू लागला होता. घड्याळ रोज चार मिनिटं पुढे पळत होतं. उस्ताद जेवायला गेले होते, वासुदेव बाहेर. वाटलं, त्यानं हात लावायच्या आधी आपणच ठीक करून दाखवावं. उघडलं. चिमटा घसरला. बॅलन्सचं टोक मोडलं.

सांगता आलं नसतं का? आलं असतं. उस्ताद ओरडले असते आणि खण वासुदेवला गेला असता — तेवढंच मला सोसवत नव्हतं. मी दुसऱ्या घड्याळाचा नकली बॅलन्स कसाबसा बसवला. मग सुई उचलली आणि झाकणात तीन रेघा आणि एक टिंब कोरलं. हात जरासुद्धा हलला नाही. इतकं सुबक काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

महिन्याभरात घड्याळ बंद पडून परत आलं. उस्तादांनी झाकण उघडून वासुदेवपुढे धरलं. अस्सल काढून नकली घातलेलं, म्हणजे चोरीच. "ये तेरा निशान है?" वासुदेवनं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ पाहिलं. आता माझ्याकडे वळेल — आता वळेल —

"हो," तो म्हणाला. चपला घातल्या आणि गेला.

खण मला मिळाला. सीताबर्डीत माझं दुकान झालं. बदकछाप दुरुस्त करावं तर मीच, असं नाव झालं. वासुदेव नंदनवनात सायकलींचे पंक्चर काढायचा. आणि खरं सांगू? मी तरीही त्याच्यावर जळायचो. तो 'हो' का म्हणाला असेल?

उस्ताद वारले त्या आठवड्यात तो दुकानात आला. बाकावर बसला आणि न विचारताच बोलू लागला.

"उस्तादाचा हात थरथरत होता ना गा तवा. घड्याळ त्यायच्याच हातातलं. त्यायच्याच हातून बिघडलं असन, अन् लाजेपायी माही खूण मारली असन. म्हाताऱ्या माणसाले काहून उघडं पाडू मी? तुले काय वाटते?"

खरं उत्तर माझ्या तोंडात होतं. पण त्या क्षणी मला काय वाटलं, सांगू? हेवा. माझ्याकडून कुणासाठीही हे झालं नसतं.

"हो गा," मी म्हटलं. "म्या तवाच ओळखलं होतं. उस्तादाचंच काम थे."

वासुदेवनं मान हलवली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "म्या त्यायले कवाचंच माफ केलं."