चादरीवरचे ओघळ आणि रत्नागिरीचं पाणी

सत्तरच्या दशकात मी रत्नागिरीला गेलो तो समुद्र बघायला नव्हे, तिथल्या व्यापाऱ्याचे पाय धरायला. माझ्या सोलापुरी चादरींच्या लाल रंगात फिकट-गडद ओघळ उठले होते, आणि व्यापारी सगळा गठ्ठा परत पाठवणार होता.

दोष मी आमच्या रंगाऱ्यावर, मल्लय्यावर ढकलला. खरं तर कोळसा वाचवायची अक्कल माझी. हौदात गार पाणी ठेवायचं, वरून थोडं मीठ घातलेला गरम रंग अलगद सोडायचा, ढवळायचं नाही.

"मालक, ढवळू का?" त्यानं विचारलं होतं.

"मीठ जड असतंय, आपोआप सगळीकडं उतरतंय. मला शिकवतो व्हय?"

ओघळ दिसल्यावर, पंधरा वर्षं माझ्याकडं राबलेल्या त्या माणसाला मीच घरी बसवलं.

सोलापुराहून रत्नागिरीला जाणाऱ्यांनी कोल्हापूरला यष्टी बदलावी आणि तिथंच पोटभर जेवावं. मात्र आंबा घाटात बेतानं. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या होत्या. शेजारच्या आजोबांच्या धोतराची मी आजही माफी मागतो.

व्यापारी संध्याकाळी भेटणार होता, म्हणून धक्क्यावर गेलो. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई वेगवेगळ्या खोलीचं पाणी बाटल्यांत भरून होडीतून उतरत होत्या. मी न विचारता ज्ञान पाजळलं, "तळाचं पाणी जास्त खारट असणार, बाई. मीठ जड."

"खोल समुद्रात बऱ्याच ठिकाणी उलटं असतं. उन्हानं वरचं पाणी उडतं, मीठ राहतं. पण ते तापलेलं, म्हणून तरंगतं."

"मग मिसळतंय कसं?"

त्यांनी टपरीवरून ग्लासभर गार गोडं पाणी घेतलं. गरम पाण्यात चिमूटभर मीठ आणि व्यापाऱ्याला दाखवायला मी खिशात आणलेल्या पुडीतला लाल रंग कालवून चमच्याच्या पाठीवरून वर सोडला. थोडा वेळ दोन थर स्वस्थ. मग लाल थरातून बारीक बोटं खाली उतरू लागली.

"ऊब शेजारच्या पाण्याला चटकन जाते, मीठ तसं जात नाही. गार झालेलं खारट पाणी जड होतं आणि असं ओघळतं."

ग्लासात माझी चादर दिसत होती.

व्यापाऱ्याला खरं सांगितलं. हसून म्हणाला, "दुसऱ्या पाठवा." सोपं काम संपलं होतं.

सोलापुरात उतरलो तो थेट मल्लय्याच्या दारात. ग्लास मागितला आणि उंबऱ्यावर बसून सगळा प्रयोग करून दाखवला.

"मल्लय्या, चूक माझी. तुझी न्हाय."

"म्हणून तर विचारलो की मालक, ढवळू का." ग्लास रिकामा करत तो म्हणाला, "उद्या येतो. पण ढवळायचा बांबू तुमी धरायचा."

समुद्रातलं आता फारसं आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हौद ढवळून हाताला आलेले फोड मात्र लख्ख आठवतात.