बंद होता होईना

संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉलवर घाईघाईत बोलून मी कॉम्प्युटर बंद करायला घेतला. पडद्यावर वर्तुळ नुसतं गरगरत राहिलं. रद्द केलं, पुन्हा बंद केलं, तेच. आईचा निरोप मी एका वाक्यात घेते, याचा मात्र पाय निघेना! मी शिव्याच हासडल्या.

"अगं, एखादा प्रोग्रॅम चालू राहिला असेल," नवरा म्हणाला.

चरफडत शोधलं, तर कॉलच चालू होता. गावाकडे आई मोबाईलसमोर शेंगा सोलत बसली होती.

"आई, फोन का नाही ठेवलास?"

"तुझा आवाज येत होता की! चिडलेला का असेना, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटलं."

मी खुर्ची पुढे ओढली आणि दिवसभराचा सगळा वैताग तिला पहिल्यापासून सांगू लागले.